काथ्याच्या टोपलीतील मोत्यांची माळ पावसाळ्यात सडते आहे : टोपली बदलावी की झाड?

गॅलरीतली बाग (पुणे), 27 जुलै

नमस्कार. गेल्या नोव्हेंबरमध्ये मी स्ट्रिंग ऑफ पर्ल्सचे, म्हणजे आपल्याकडे बरेच जण जिला मोत्यांची माळ म्हणतात त्या वेलीचे, एक भरगच्च रोप आणले. तारेच्या सांगाड्यात काथ्याचे अस्तर बसवलेल्या, सुमारे 25 सेंटिमीटर व्यासाच्या टोपलीत ते लावले आणि पूर्वेकडच्या गॅलरीत टांगले. मे अखेरपर्यंत त्याच्या माळा हातभर लांब झाल्या होत्या आणि मार्चमध्ये तर दालचिनीसारखा मंद वास असलेली लहान पांढरी फुलेही येऊन गेली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून मात्र टोपलीच्या मध्यभागचे मणी पिवळट, पाणीदार आणि मऊ पडू लागले आणि आता हात लावला की ते फुटतात. खाली लोंबणाऱ्या माळांची टोके अजून हिरवी आणि टणक आहेत, परंतु मातीजवळचा देठ काळपट झाला आहे. पाऊस थेट लागत नाही, वारा असला की थोडी झड येते. पाणी मी आठवड्यातून एकदाच, तेही वरची माती बोटाला कोरडी लागली तरच घालते. मातीत दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि एक भाग लाल माती असे मिश्रण आहे.

टोपली घेताना दुकानदाराने सांगितले होते की काथ्या नैसर्गिक असल्यामुळे त्यातून हवा खेळती राहते आणि मुळे कधीच कुजत नाहीत. त्या भरवशावर मी निर्धास्त होते. आजीच्या स्वयंपाकघरात दह्यादुधाचे शिंके आढ्याला टांगलेले असे, त्याची आठवण होते म्हणून मला ही टोपली फार आवडते आणि ती सहजासहजी काढून टाकावीशी वाटत नाही. झाड वाचवण्यासाठी आता काय करावे, आणि चूक टोपलीची, मातीची की माझ्या पाणी घालण्याची, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पानमळा (पुणे), 27 जुलै

कारणांची चर्चा नंतर करता येईल, आधी झाड वाचवा, कारण देठाची कूज या दिवसांत फार वेगाने पसरते. ज्या माळा टणक आहेत त्या काळ्या भागापासून चांगल्या चार बोटे पुढे, स्वच्छ कात्रीने आजच कापून घ्या. कापलेल्या टोकाला आत तपकिरी ठिपका दिसला तर तो दिसेनासा होईपर्यंत आणखी कापा. हे तुकडे वर्तमानपत्रावर, पंख्याच्या वाऱ्यात पण उन्हाबाहेर, दोन दिवस सुकू द्या. मग एका पसरट, उथळ कुंडीत विटांचा बारीक चुरा आणि जाड वाळू भरून त्यावर ते नुसते आडवे ठेवा. पुरण्याची गरज नाही, कारण या वेलीला मातीला टेकलेल्या प्रत्येक पेरातून मूळ फुटते. पहिला आठवडा पाणी देऊ नका, त्यानंतर दोन-तीन दिवसांआड अगदी हलका फवारा पुरेल.

असे का, हे या वेलीचा गाव पाहिला की कळते. ती दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या भागातली आहे, आणि आपण तिला टांगतो खरे, पण तिकडे ती कुठेही लोंबत नाही, तर झुडपांच्या आणि दगडांच्या विरळ सावलीत जमिनीवर पसरते. तिची मुळे वरवरची असतात, दोन-तीन इंचांपेक्षा खोल जाणारी नव्हेत. पाण्याचा साठा मुळांत नसून मण्यांत असतो. गोल आकारामुळे साठा अधिक राहतो आणि पाणी उडून जायला पृष्ठभाग कमी मिळतो. प्रत्येक मण्यावर एक अरुंद, पारदर्शक पट्टी असते, ती नीट पाहा. कोकणातल्या कौलारू घरात उजेडासाठी मध्येच एखादे काचेचे कौल बसवतात, तसेच काम ही पट्टी करते आणि तिच्यातून प्रकाश पानाच्या पोटात शिरतो. झाड तहानले की ही पट्टी आकसते आणि मणी किंचित सुरकुततो. पाणी मागण्याची ही तिची खूण आहे, वरची माती कोरडी दिसणे ही नव्हे.

तुमच्या मिश्रणात चारांपैकी तीन भाग पाणी धरून ठेवणारे आहेत. कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषून घेते आणि गांडूळखतही ओलावा सोडत नाही. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात काथ्याने तुम्हाला सांभाळून घेतले, कारण त्याच्या चोहोबाजूंनी पाणी उडून जात होते. पावसाळ्यात हवाच दमट असल्याने ते उडणे थांबले आणि मिश्रणाचा दोष उघडा पडला.

दोन गोष्टी विचारतो. टोपलीतली माती आणि वरचा स्लॅब यांच्यात किती अंतर आहे? आणि दुपारी बाराच्या सुमारास मातीच्या पृष्ठभागावर उजेड पडतो का, की फक्त खालच्या माळांवर पडतो?

माडाखाली (रत्नागिरी), 28 जुलै

पानमळा यांनी सांगितलेला उपचार योग्यच आहे, पण काथ्याविषयी थोडे सविस्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण आमच्या वाडीत नारळाची सोडणे भिजत घालून, बडवून काथ्या काढताना आणि सुंभ वळताना मी लहानपणापासून पाहिले आहे.

काथ्या कुजत नाही असे नाही, पण तो फार सावकाश कुजतो. त्यात लाकडाला कणखरपणा देणारे लिग्निन नावाचे द्रव्य 40 टक्क्यांच्या वर असते, तर तागात ते 12-13 टक्के इतकेच असते. म्हणून गोणपाटाचे किंवा तागाच्या दोरीचे टांगणे ओल्या मातीच्या संगतीत एक-दोन पावसाळ्यांतच विरते, घायपाताचा दोरही ओलीत फार काळ टिकत नाही आणि सुंभ मात्र विहिरीवर वर्षानुवर्षे राबतो. परंतु काथ्या टिकतो म्हणजे झाडाची मुळे टिकतात, असा अर्थ लावणे चुकीचे आहे. दुकानदाराने दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारली. काथ्याच्या तंतूंमधील पोकळीत हवा असते, हे कोरड्या हवेत खरे आहे. आमच्याकडे जुलैत भिंतींना आणि कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते, तेव्हा त्याच पोकळीत पाणी बसते आणि हवेला जागा उरत नाही. तुमची टोपली म्हणजे माठ आहे असे समजा. मे महिन्यात माठ पाझरतो आणि पाझरलेले पाणी उडून जाते म्हणून आतले पाणी गार होते. जुलैत तोच माठ नुसता ओला राहतो आणि पाण्याला गारवा येत नाही.

माझे मत थोडे वेगळे आहे. टोपली ठेवावी आणि झाड बदलावे. रिप्सॅलिस नावाचा निवडुंग लावून पाहा. तो ब्राझीलच्या पावसाळी जंगलांत झाडांच्या फांद्यांवर वाढतो, त्याला काटे जवळजवळ नसतात आणि त्याच्या हिरव्या काड्या झिपऱ्यांसारख्या खाली लोंबतात. निवडुंगांचे सारे कुळ अमेरिका खंडांतले, पण या रिप्सॅलिसची एक जात आफ्रिकेत आणि श्रीलंकेतही नैसर्गिकरीत्या आढळते. ओल्या हवेची त्याला सवय आहे आणि त्याची मुळे काथ्यातून आनंदाने बाहेर डोकावतात. माझ्या पडवीतली टोपली सहा वर्षे जागेवर आहे, आणि रत्नागिरीचा पाऊस वर्षाला 3000 मिलिमीटरच्या पुढे जातो हे तुम्ही जाणताच. जाड पानांची होयाही अशीच तग धरते. तिच्या काही जाती तर आपल्या पश्चिम घाटातल्याच आहेत.

सेरोपेजिया वूडी, म्हणजे हृदयाच्या आकाराच्या पानांची बारीक वेल, हाही एक पर्याय आहे, पण ती कोरड्या प्रदेशातली असल्याने तिलाही पावसाळ्यात जपावे लागते. ती आपल्या सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांच्याच प्रजातीतली आहे. हे वाचून कोणाला डोंगरातून कंदीलपुष्पाचे कंद आणून लावण्याचा मोह होईल, तर कृपा करून तसे करू नका. त्यातल्या कित्येक जाती सह्याद्रीबाहेर कोठेही आढळत नाहीत आणि एकेका पठारावर त्यांची मोजकीच झाडे उरली आहेत.

गॅलरीतली बाग (पुणे), 29 जुलै

दोघांचेही मनापासून आभार. कालच सगळ्या निरोगी माळा कापल्या. एकूण 31 तुकडे मिळाले, त्यांपैकी 4 आतून तपकिरी निघाल्याने टाकून दिले. उरलेले 27 वर्तमानपत्रावर सुकत आहेत.

पानमळा यांच्या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी आज मोजपट्टी घेऊन उभी राहिले. मातीचा पृष्ठभाग स्लॅबपासून केवळ 35 सेंटिमीटर खाली आहे. सकाळचे ऊन तिरपे येते तेव्हा ते माळांवर पडते, पण टोपलीच्या आत, मातीवर, दिवसभर सावलीच असते. हे आठ महिन्यांत एकदाही माझ्या लक्षात आले नव्हते, कारण मी नेहमी खालून वर पाहत होते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची वाटली. टोपली रिकामी करताना वरची दोन बोटे माती कोरडी, भुसभुशीत होती, परंतु तळाचा काथ्या मुठीत धरून पिळला तेव्हा अक्षरशः पाणी निथळले. म्हणजे मी बोटाने जे तपासत होते ते वरचेच होते आणि मुळांच्या खाली महिनाभर पाणी साचून राहिले होते. पाणी देण्याची गरज कधी आहे, हे टांगलेल्या टोपलीत मग ओळखायचे तरी कसे?

भीमाकाठ (सोलापूर), 30 जुलै

आमच्याकडची अडचण बरोबर उलट आहे, म्हणून लिहितो. एप्रिल-मेमध्ये पारा 42 अंशांच्या पुढे जातो आणि गरम वारा सुटतो, तेव्हा काथ्याची टोपली सकाळी भिजवली तर दुसऱ्या दिवशी कडकडीत वाळलेली असते. मातीचा गोळा आकसून अस्तरापासून सुटतो आणि वरून ओतलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते. पाहणाऱ्याला वाटते की झाडाला भरपूर पाणी मिळाले, आणि मुळे तर कोरडीच असतात. त्यावर मला सापडलेला उपाय म्हणजे टोपली आठ-दहा दिवसांतून एकदा बादलीत अर्ध्यापर्यंत 15 मिनिटे बुडवून ठेवावी आणि मग सावलीत पूर्ण निथळू द्यावी. हा उपाय उन्हाळ्यापुरताच आहे, पावसाळ्यात चुकूनही करू नये.

पाण्याची गरज ओळखण्यासाठी मी वजन करतो. भंगारवाले रद्दी तोलायला वापरतात तसला आकड्याचा छोटा स्प्रिंग काटा घ्या आणि टोपली त्याला अडकवा. माझी 20 सेंटिमीटरची टोपली पूर्ण भिजल्यावर 2 किलो 300 ग्रॅम भरते आणि मणी नुकते सुरकुतू लागतात तेव्हा 1 किलो 400 ग्रॅमवर येते. हे दोन आकडे एकदा टोपलीला चिठ्ठी बांधून लिहून ठेवले की पुढे बोटाने चाचपण्याचे कारण उरत नाही. झाड वाढते तसे आकडेही वाढतात, म्हणून वर्षातून दोनदा ते नव्याने घ्यावेत.

बोअरचे पाणी वापरत असाल तर काथ्याच्या बाहेरून पांढरा थर येतो, तो क्षारांचा असतो. पाणी काथ्यातून बाहेर येऊन उडते आणि क्षार मागे राहतात. नव्या काथ्यातही मुळात मीठ असू शकते, विशेषतः सोडणे खाडीच्या पाण्यात भिजवलेली असतील तर. म्हणून लावण्याआधी अस्तर आणि कोकोपीट दोन्ही साध्या पाण्यात दिवसभर भिजवून, पाणी तीन-चार वेळा बदलून घ्यावे.

आणखी एक अनुभव सांगतो. फेब्रुवारीनंतर बुलबुल आणि शिंजीर घरट्यासाठी अस्तरातला काथ्या उपसून नेतात आणि खारही मागे राहत नाही. मी त्यांना अडवत नाही. सोडणाचा थोडा मोकळा काथ्या जाळीच्या पिशवीत भरून शेजारी टांगतो, मग ते टोपलीला फारसा हात लावत नाहीत.

पानमळा (पुणे), 31 जुलै

35 सेंटिमीटर हे अंतर वाचले आणि निम्मे कोडे सुटले. टांगलेल्या झाडांच्या बाबतीत ही चूक घरोघरी होते. माळा उजेडात आणि डोके अंधारात, अशा स्थितीत माती वाळत नाही, नवे कोंब मध्यभागी फुटत नाहीत आणि टोपलीला टक्कल पडते. टोपली इतकी खाली आणा की तुम्ही उभ्या असताना मातीचा पृष्ठभाग तुम्हाला वरून दिसला पाहिजे. चालण्याच्या वाटेत येत असेल तर कठड्याजवळ सरकवा. त्या उंचीवर तीन-चार तासांचे सकाळचे ऊन मातीवर पडेल, ते या वेलीला मानवते. पुण्याचे एप्रिलमधले दुपारचे ऊन मात्र मणी भाजून काढते.

भीमाकाठ यांची वजनाची पद्धत मी आजवर वापरली नव्हती, ती मला अतिशय पटली आहे.

माडाखाली यांच्याशी एका बाबतीत मतभेद नोंदवतो. रत्नागिरीसाठी त्यांचा सल्ला सोळा आणे खरा आहे, पण पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटरच पाऊस पडतो आणि वर्षातले आठ महिने हवा कोरडी असते. चार महिन्यांसाठी मोत्यांची माळ सोडून द्यावी असे मला वाटत नाही. मी कुंडी आणि टोपली वेगळी ठेवतो. रोप 12-15 सेंटिमीटरच्या, तळाला मोठे भोक असलेल्या, न रंगवलेल्या उथळ मातीच्या कुंडीत लावायचे आणि ती कुंडी काथ्याच्या टोपलीत नुसती बसवायची, खाली चार विटांचे तुकडे ठेवून. काथ्या आणि कुंडी यांच्यात बोटभर मोकळी जागा राहू द्यायची. जून लागला की कुंडी उचलून खिडकीच्या आतल्या बाजूला, उजेडात ठेवायची आणि दसऱ्याच्या आसपास परत टोपलीत बसवायची. शिंक्यात आजी मडके ठेवत असे, दही थेट दोरीत ओतत नसे. तुमच्या आजीच्या शिंक्याची रचना हीच होती.

मिश्रणासाठी दोन भाग विटांचा मूग-मसुराएवढा चुरा, एक भाग जाड वाळू, एक भाग पालापाचोळ्याचे जुने खत आणि एक मूठ कोळशाचे तुकडे घ्या. कोकोपीट पूर्ण वगळले तरी चालेल. आपल्याकडची काळी माती मात्र अजिबात घालू नका, ती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते, आणि दोन्ही वेळा बारीक मुळे तुटतात.

मण्यांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण आहे. मुंग्यांची ये-जा वाढली की तो आला असे समजावे. दाट माळांमध्ये तो लपून राहतो, म्हणून नुसत्या कडुनिंबाच्या तेलाच्या फवाऱ्यावर विसंबू नका आणि पुंजके स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक करून टिपून काढा.

घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर एक गोष्ट गांभीर्याने घ्या. हे मणी मटारासारखे दिसतात आणि ते विषारी आहेत. पोटात गेल्यास उलट्या होऊ शकतात आणि चिकाने काहींच्या त्वचेला खाज सुटते. टोपली खाली आणायला मीच सांगितले असल्याने ही सूचनाही मीच द्यायला हवी. मूल रांगते किंवा नुकते चालते असेल, तर ही वेल दोन-तीन वर्षे पुढे ढकलून माडाखाली यांचा रिप्सॅलिसच लावा.

माडाखाली (रत्नागिरी), 1 ऑगस्ट

मतभेद मान्य आहे, आणि कुंडी टोपलीत बसवण्याची पद्धत कोकणातही चालेल असे वाटते. फक्त टांगण्यासाठी साखळी किंवा गंज न चढणारी तार वापरावी. टोपली मोठी असेल तर भिजल्यावर तिचे वजन पाच-सहा किलो होते, आणि तागाची दोरी बाहेरून धड दिसत असली तरी गाठीपाशी आतून कुजलेली असते. माझी एक टोपली अशीच मध्यरात्री खाली आली होती. खाली कोणी नव्हते म्हणून निभावले.

गॅलरीतली बाग (पुणे), 23 ऑक्टोबर

उशिरा लिहीत आहे, पण काही दाखवण्याजोगे झाल्यावरच लिहावे असे ठरवले होते. 27 तुकड्यांपैकी 19 जगले. पहिली मुळे विसाव्या दिवशी दिसली. जे 8 गेले ते सगळे मी पहिल्याच आठवड्यात घाईने पाणी फवारले होते त्या बाजूचे होते. बाकीच्यांना सप्टेंबरपर्यंत स्वयंपाकघराच्या खिडकीत, काचेआड ठेवले.

दसऱ्यानंतर 15 सेंटिमीटरच्या मातीच्या कुंडीत त्यांना गोल पसरून लावले आणि कुंडी काथ्याच्या टोपलीत, विटांच्या तुकड्यांवर बसवली. टोपली आता साखळीने टांगली असून ती कठड्याजवळ, माझ्या छातीच्या उंचीवर आहे. घरात लहान मूल नाही, पण शेजारची नात येते, म्हणून ती असताना टोपली वरच्या आकड्याला अडकवते. कोरडे वजन 1 किलो 650 ग्रॅम, भिजलेले 2 किलो 200. चिठ्ठी साखळीला बांधली आहे.

जुने अस्तर धुऊन उन्हात वाळवले तेव्हा ते अजून शाबूत होते, तेच परत वापरले. माडाखाली, रिप्सॅलिसचीही एक छोटी कुंडी आणली आहे. तिला न्हाणीघराच्या खिडकीत, जिथे दुसरे काही जगले नव्हते, तिथे ठेवले आहे आणि काडीच्या टोकाला दोन नवे कोंब आले आहेत. तिला काथ्यात थेट लावण्यासाठी पुढच्या जूनपर्यंत थांबावे, की आताच लावले तरी चालेल?

माडाखाली (रत्नागिरी), 24 ऑक्टोबर

पुण्याच्या थंडीत तिची वाढ मंदावेल. फेब्रुवारी संपत आला की लावा, म्हणजे पावसाआधी मुळे काथ्यात रुजलेली असतील. अस्तर तेवढे आधी दिवसभर भिजवून घ्या.